बावन्नाव्या वर्षी स्नोबोर्डवर हार्डबूट आणि कार्व्हिंग: सोलापुरात राहून सुरुवात कशी करू?

काठपदर_सोलापूर

नमस्कार मंडळी.

मी सोलापूरची, वय ५२. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा लहान कारखाना आहे, बारा माग. माग हे बघतात, शिलाई आणि तपासणी माझ्याकडे. गेली सव्वीस वर्षं माझी नजर टॉवेलच्या काठावर आणि त्यावरच्या टिपेवर आहे. टीप कुठे हलली, कुठे ओढली गेली, हे मला लांबूनही कळतं. हे आधी सांगते, कारण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

मुलगी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला नोकरीला आहे. मागच्या फेब्रुवारीत महिनाभर तिच्याकडे राहिले. एका रविवारी तिनं मला आक्सामर लिझुमला नेलं. १९६४ आणि १९७६ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या अल्पाइन स्कीच्या बहुतेक शर्यती जिथे झाल्या, तो डोंगर. ती स्नोबोर्ड घेऊन वर गेली, मी खाली चहाचा कप धरून उभी. सकाळची वेळ, रात्रीतून यंत्र फिरवून बर्फ सपाट केलेला आणि त्यावर बारीक उभ्या रेघा. मुलगी जाताना सांगून गेली होती, आई, याला कॉर्ड्युरॉय म्हणतात. मी म्हटलं, म्हणणारच की, दिसतोच तसा.

तेवढ्यात वरून एक बाई आल्या. साठीच्या आसपासच्या असतील. बोर्ड अरुंद, पायात स्कीसारखे कडक बूट, दोन्ही पाऊलं पुढच्या दिशेला वळवून बसवलेली. बाकीचे स्नोबोर्डवाले वळताना बर्फ खरवडत होते, मागे हातभर रुंद पट्टा पडत होता. या बाईंचा आवाज म्हणाल तर ताणून धरलेल्या कापडातून कात्री सरळ सरकत जाते तेवढाच. वळणावर त्या इतक्या कलल्या की हातमोजा बर्फाला टेकतोय असं वाटलं, मग उठल्या आणि दुसऱ्या कुशीला कलल्या. त्या गेल्यावर मी कप कठड्यावर ठेवला आणि त्यांच्या मागची खूण बघायला चालत गेले. कॉर्ड्युरॉयवर एक रेघ. पेन्सिलीएवढी. वळणावर फाटलेली नाही, कुठे जाड झालेली नाही. इतकी एकसारखी टीप मी यंत्रावरसुद्धा क्वचित पाहिली आहे.

नंतर मुलीच्या मदतीनं त्यांच्याशी बोलले. या प्रकाराला अल्पाइन कार्व्हिंग म्हणतात, त्या कडक बुटांना हार्डबूट, आणि त्यांनी तो ४९ व्या वर्षी सुरू केला, एवढं कळलं. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही.

पुढचे पाच दिवस मी साध्या मऊ बुटांवर शिकवणी लावली. पहिले दोन दिवस नुसती पडत होते, तिसऱ्या दिवशी बोर्डच्या एका कडेवर थांबता आलं, पाचव्या दिवशी सोप्या उतारावर डावीकडे-उजवीकडे वळत खाली आले. घसरत, पण आले. मग हार्डबूटची चौकशी करायला आम्ही एका दुकानात गेलो. प्रश्न मी विचारत होते, मोडक्या जर्मनमध्ये का होईना, आणि तो माणूस उत्तर मुलीला देत होता. शेवटी तिलाच म्हणाला, आईंच्या वयाला बर्फातलं चालणं चांगलं. मला फार लागलं ते.

आता सोलापुरात मे महिना आहे. पारा ४३ वर. दुपारी शिलाईखात्यात पंखासुद्धा गरम वारा फेकतो आणि माझ्या डोळ्यांपुढे ती रेघ आहे. यांना सांगितलं, तर हे म्हणाले, पैसे माझ्या चहातंबाखूत घालवण्यापेक्षा तुझ्या बर्फात घाल. म्हणजे घरातून अडचण नाही.

अडचण इतकीच की कुणाला विचारावं कळत नाही. मऊ बुटांवर अजून किती दिवस काढायचे की आताच हार्डबूट घ्यायचे? दरवर्षी ऑस्ट्रिया परवडणार नाही, मग भारतात कुठे जमेल? माझं पाऊल लहान आहे, २३ सेंटीमीटर. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, जिना उतरताना उजव्या गुडघ्यात कटकट वाजतं, दुखत नाही. आणि वर्षाचे अकरा महिने इथे उन्हात बसून काय तयारी करायची? माहीतगारांनी सविस्तर सांगावं. वयाचं कारण देऊन ‘कशाला’ असं मात्र कुणी म्हणू नका, ते ऐकून झालंय.

गुलमर्ग_दरवर्षी

ताई, पुण्याहून लिहितोय. नऊ हिवाळे गुलमर्गला जातोय, त्यातले शेवटचे चार हार्डबूटवर. तेवढ्यापुरतं सांगतो.

गुलमर्गची ख्याती भुसभुशीत खोल बर्फाची आहे. लोक येतात ते गंडोल्यानं, म्हणजे केबल कारनं, थेट दुसऱ्या टप्प्यावर, अफरवट डोंगराच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर जायला. तो भाग तुमच्यासाठी नाही. तिथे उतार यंत्रानं दाबलेला नसतो, हिमस्खलनाचा धोका खरा असतो आणि खोल बर्फात अरुंद बोर्डाचं नाक खाली घुसतं. तुम्हाला हवा दाबलेला, कडक, रुंद उतार. तो पहिल्या टप्प्याच्या वरच्या स्थानकाच्या, कोंगडोरीच्या आसपास आणि खाली गुलमर्गच्या मैदानालगत नवशिक्यांना दोरीनं वर ओढून नेणाऱ्या ड्रॅग लिफ्टजवळ मिळतो. युरोपसारखी रोज कॉर्ड्युरॉय मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. रात्री बर्फ पडला नसेल आणि सकाळी लवकर पोचलात तर दोन-अडीच तास फार सुंदर मिळतात. दुपारपर्यंत स्लेज ओढणारे आणि पर्यटक यांनी सगळं तुडवलेलं असतं.

चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, तेव्हा बर्फ जास्त पण हवाही बिघडते. फेब्रुवारी तुम्हाला बरा. श्रीनगरहून रस्ता साधारण ५० किलोमीटर, ताज्या बर्फात तंगमर्गच्या पुढे साखळी लावलेली गाडी घ्यावी लागते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग ही सरकारी संस्था तिथेच आहे, प्राथमिक शिकवणीसाठी आधी तिथे चौकशी करा. हार्डबूट मला मात्र भाड्यानं कधीच मिळाले नाहीत. स्वतःचेच न्यावे लागतात.

उत्तराखंडातल्या औलीचा विचार असेल तर, जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद करावा लागला. निघण्यापूर्वी त्याची आजची स्थिती विचारून घ्या. मधल्या काळात दुबईचा बंदिस्त उतार आहे, मॉलच्या आत, लांबी ४०० मीटर. कार्व्हिंगला अरुंद पडतो, पण ऑगस्टमध्ये बुटांची सवय करायला चार दिवस तिथे काढता येतात. मी काढलेत.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. जुने बूट घेऊ नका. मी पहिला जोड वापरलेला घेतला, स्वस्त मिळाला म्हणून. दिसायला नवा. कोंगडोरीखाली तिसऱ्याच दिवशी टाचेकडच्या वळणावर घोट्यापाशी कवच तडकलं आणि बूट अक्षरशः दोन तुकडे झाला. प्लॅस्टिक वयानं ठिसूळ होतं, वापरलं नाही तरी. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. दहा वर्षांपेक्षा जुनं कवच कितीही चकचकीत असलं तरी पायात घालू नका. आणि आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घेता नवे बूटसुद्धा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका.

फिजिओताई_जुळेसोलापूर

काकू, मी जुळे सोलापुरात फिजिओथेरपी करते. बर्फावर कधी गेले नाही, पण गुडघे आणि मनगटं रोज बघते.

सगळ्यात आधी हाडांची घनता तपासून घ्या, डेक्सा स्कॅन म्हणतात, आणि सोबत ड जीवनसत्त्व. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं वेगानं विरळ होतात. स्नोबोर्ड शिकणारे पडतात तेव्हा पसरलेल्या हातावर पडतात, म्हणून नवशिक्यांत मनगटाचं फ्रॅक्चर सर्वात जास्त. मनगटाचे गार्ड पहिल्या दिवसापासून घाला, हेल्मेट घाला, आणि माकडहाडासाठी पॅडची चड्डी मिळते तीही घाला. पडताना मूठ मिटून कोपरापर्यंतचा हात टेकवायची सवय लावा. घरी गादीवर, गुडघ्यांवर बसून पुढे पडत ती घोटता येते.

गुडघा वाजतो पण दुखत नाही, सूज नाही, अडकत नाही, तर घाबरायचं कारण नाही. मांडीचे स्नायू मात्र मजबूत हवेत. जिममध्ये जायची गरज नाही. घरातला पाट घ्या, त्यावर बसा आणि हात न टेकता उठा. उठताना जितका वेळ लागतो त्याच्या तिप्पट वेळ बसताना लावा, कारण उतारावर मांड्यांना हेच काम पडणार आहे: वजन पेलत पेलत हळू खाली जाणं. दहा-दहाच्या तीन फेऱ्या, दिवसाआड. जमू लागलं की कडेवर पाण्याची कळशी घेऊन. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं राहणं, एक मिनिटापर्यंत न्या. दात घासताना एका पायावर उभं राहा, सकाळी डावा, रात्री उजवा. नंतर डोळे मिटून, पण तेव्हा बेसिनला हात धरा.

घोटा पुढे वाकतो का तेही बघा. भिंतीपासून चार बोटं अंतरावर पाऊल ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागत नसेल तर पोटरी आखडलेली आहे, रोज ताणा. कारखान्यात दिवसभर उभं राहणाऱ्या बायकांची पोटरी मला हमखास आखडलेली सापडते.

नागानोकर_भवानीपेठ

ताई, तुमची पोस्ट तीनदा वाचली. माझं बालपण भवानी पेठेत गेलं, वडील जुन्या मिलमध्ये जॉबर होते, त्यामुळे ‘टीप’ आणि ‘काठ’ हे शब्द या विषयात वाचून जो आनंद झाला तो इथे मांडता येणार नाही. गेली एकोणीस वर्षं जपानमध्ये नागानो प्रांतात राहतो. हार्डबूट ४७ व्या वर्षी घातले, आता ५६.

आधी वयाचं. त्या दुकानदाराचं बोलणं मनातून काढून टाका. ऑस्ट्रियाच्याच क्लाउडिया रीगलर, जन्म १९७३. २०१५ मध्ये क्राइशबर्गला समांतर जायंट स्लॅलमचं, म्हणजे दोघं शेजारी-शेजारी खुणांमधून वळत उतरतात त्या स्नोबोर्ड शर्यतीचं, जागतिक अजिंक्यपद जिंकलं तेव्हा ४१ वर्षांच्या होत्या, आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४८ व्या वर्षी उतरल्या. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण बेन्यामिन कार्लनं ३६ व्या वर्षी घेतलं. ही माणसं लहानपणापासून बर्फावर आहेत, त्यांच्याशी आपली तुलना नाही. पण या प्रकारात उड्या नाहीत, गिरक्या नाहीत, अचूक कडेवर उभं राहणं आहे, आणि ते शरीराला उशिरापर्यंत जमतं, एवढं त्यांच्याकडे बघून नक्की म्हणता येतं. माझ्या इथल्या डोंगरावर सकाळच्या पहिल्या लिफ्टला हार्डबूटवाले बहुतेक पन्नाशी ओलांडलेलेच भेटतात.

आता रेघ कशी पडते ते. बोर्ड वरून बघितलात तर कमरेशी बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद असतो. तो बर्फावर कडेवर कलवला की मध्यभाग खाली दाबला जाऊन बोर्ड वाकतो, आणि वाकलेली कड म्हणजेच तुमचं वळण. नाक ज्या वाटेनं गेलं त्याच वाटेनं शेपूट जातं, म्हणून एकच रेघ. जास्त कलवलं की वळण लहान. इथे पायानं बोर्ड फिरवायचा नसतो. मऊ बुटांवर पाच दिवसांत तुम्ही जे शिकलात ते मागचा पाय ढकलून फिरवणं, आणि फिरवलं की कड घसरते, टीप फाटते. कापड ओढून टीप सरळ होत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. कलवा आणि काही न करता थांबा. थांबणंच अवघड आहे. मला त्यालाच दोन हिवाळे लागले. उताराकडे तोंड आलं की जीव घाबरतो आणि पाय आपोआप बोर्ड फिरवतो.

म्हणून पहिले तीन दिवस पूर्ण वळणं घेऊच नका. अगदी सपाटीच्या जवळचा उतार निवडा. तिरकं निघा, पायाच्या बोटांकडची कड हळूच कलवा आणि काही करू नका. बोर्ड स्वतः वळेल, डोंगराकडे तोंड करेल आणि थांबेल. मग मागे वळून रेघ बघा. जिथे जाड झाली तिथे तुम्ही फिरवलंत. मग टाचेकडच्या कडेवर तेच. तुमच्याइतकी सरावलेली नजर माझ्याकडे असती तर माझा एक हिवाळा वाचला असता, असं खरंच वाटतं.

हात बर्फाला लावायला वाकू नका. त्या बाईंचा हात टेकला तो वेग आणि कल इतका होता म्हणून. कमी वेगात अंग आडवं टाकलं की कड निसटते आणि माणूस कुशीवर आपटतो. गुडघे आणि कंबर डोंगराच्या बाजूला न्या, खांदे उताराला समांतर ठेवा. टाचेच्या वळणात मागचा हात पुढच्या बुटाकडे न्यायचा, म्हणजे कंबर आपोआप नाकाकडे फिरते. नजर बोर्डवर नको, जिथे जायचं तिथे.

साहित्य. मऊ बुटांवर तुम्ही सोप्या उतारावरून दोन्ही बाजूंना वळत येऊ शकता, तेवढं पुरे आहे. हार्डबूट घ्या. बुटाचा नंबर सेंटीमीटरमध्येच असतो, तुमचा २३. विकत घेताना आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात अनवाणी पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघा. एक ते दीड सेंटीमीटर, जाड बोट जेमतेम जाईल एवढी. जास्त असेल तर तो बूट मोठा आहे, घालायला कितीही सुखाचा वाटला तरी. अस्तर गरम करून पायाच्या आकाराचं करून घेता येतं, ते कराच. शर्यतीचे अतिकडक बूट तुमच्या वजनाला वाकणार नाहीत, मऊ प्रकार मागा. लहान नंबर युरोपात सापडला नाही तर इथे सहज मिळतो, मी बघून ठेवीन.

बोर्ड १५५ ते १६० सेंटीमीटर, वळणाची त्रिज्या ८ ते १० मीटर, कंबर १९ सेंटीमीटरच्या आसपास. बाइंडिंगचा, म्हणजे बूट बोर्डला धरणाऱ्या पकडीचा, कोन असा ठेवायचा की बोटं आणि टाचा कडेबाहेर येणार नाहीत. तुमच्या पावलाला पुढचा ५० ते ५५ अंश, मागचा तीन-चार अंश कमी. पुढच्या पायाच्या बोटांखाली आणि मागच्या टाचेखाली पाचर बसवून घ्या, तिच्याविना दोन्ही गुडघे एकमेकांपासून दूर ओढले जातात. स्कीचं बाइंडिंग पडल्यावर सुटतं, हे सुटत नाही, म्हणून गर्दीत आणि झाडांजवळ जाऊ नका.

शेवटचं आणि गंभीर. कार्व्हिंग करणारा उताराची पूर्ण रुंदी वापरतो आणि कधी कधी परत वरच्या दिशेला येतो. वरून येणाऱ्याला ते अपेक्षित नसतं. पुढे असलेल्याचा मान पहिला हा नियम आहेच, पण निघताना आणि वर वळताना आधी डोंगराकडे बघणं ही तुमची जबाबदारी आहे. माझ्या ओळखीतल्या एकाचा खांदा यातच गेला.

काठपदर_सोलापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. नागानोचे दादा, तुमची पोस्ट मी छापून शिलाईखात्यात कपाटाच्या आत चिकटवली आहे.

डेक्सा करून घेतला. घनता थोडी कमी निघाली, पातळ म्हणण्याइतकी नाही. ड जीवनसत्त्व १४ आलं. सोलापुरात राहून ड जीवनसत्त्व कमी, यावर डॉक्टर म्हणाले, तुम्ही बायका सूर्य उगवायच्या आत कारखान्यात आणि मावळल्यावर बाहेर. गोळ्या सुरू आहेत. पाटावरचं बसणं-उठणं तीन महिने झाले. शिलाईतल्या दोघी-तिघींनाही लावलंय, दुपारच्या सुट्टीत ओळीनं पाट मांडतो.

बूट मुलीनं घेतले. कवचाची चाचणी आम्ही व्हिडिओ कॉलवर केली. तिचं आणि माझं पाऊल एकाच मापाचं, तिनं पाय घातला आणि टाचेमागे बोट घालून दाखवलं. पहिल्या जोडात दोन बोटं सहज गेली. दुकानातली मुलगी म्हणत होती की हाच बरोबर आहे, जाड मोजे घाला. आम्ही नाही घेतला. दुसऱ्या दुकानातला २३ चा बरोबर बसला. बोर्ड वापरलेला घेतला, बाइंडिंग नवं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा आटोपली की सामान घेऊन ती येतेय, आम्ही दोघी गुलमर्गला निघणार.

फिजिओताई_जुळेसोलापूर

काकू, १४ ऐकून नवल वाटलं नाही, माझ्याकडे रोज येतात असे. गोळ्या सांगितल्या तितके आठवडे पुऱ्या करा आणि पुन्हा तपासा. बूट हातात आले की रोज अर्धा तास घरात घालून वावरा, नडगीला कुठे रुततं ते तिथे जाण्याआधी कळेल. मोजा एकच, पातळ.

काठपदर_सोलापूर

गुलमर्गहून लिहितेय. आज सहावा दिवस, उद्या शेवटचा.

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस, पुण्याहून विमान, तंगमर्गला साखळीची गाडी, सगळं गुलमर्गच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे. पहिले दोन दिवस बर्फ पडत राहिला, गंडोला बंद. आम्ही खोलीत कांगडीजवळ, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीजवळ, बसून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, घरमालकांनाही दिली. त्यांना चटणी इतकी आवडली की उरलेला डबा तिथेच ठेवला.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. ड्रॅग लिफ्टजवळ सकाळी दाबलेला एक पट्टा मिळाला, आमच्या कारखान्याच्या दुप्पट रुंद. बोटांकडच्या कडेवर कलले आणि थांबले. बोर्ड खरंच स्वतः वळला. मला वाटत होतं मीच काहीतरी करतेय, पण मी काहीच करत नव्हते. थांबल्यावर मागे बघितलं. सुरुवातीची दोन हात रेघ बारीक, पुढची पसरट, शेवटी पुन्हा बारीक. मधलीच उसवलेली, बरोबर जिथे तोंड उताराकडे आलं तिथे. नागानोचे दादा, तुम्ही लिहिलं होतंत तेच ठिकाण.

त्या दिवशी तीसेक वेळा तेवढंच केलं. मुलगी वर जाऊन आली, मी तिथेच. पाचव्या दिवशी बोटांकडची तीन वळणं लागोपाठ अशी आली की रेघ कुठेच फाटली नाही. मी बोर्ड काढला, चालत वर गेले आणि पहिल्या वळणापासून शेवटच्यापर्यंत त्या रेघेच्या कडेनं खाली आले. दोनदा. फोटो काढला आहे, उन्हामुळे त्यात नीट दिसत नाही. दोनदा जोरात पडले, एकदा मनगटावर. गार्ड होते, काही झालं नाही.

टाचेकडचं वळण मात्र होत नाही. कड धरते आणि लगेच थडथड उडायला लागते, रेघेऐवजी तुटक टाके पडतात. काय चुकतंय?

नागानोकर_भवानीपेठ

ताई, तुमची ती रेघेच्या कडेनं चालत येण्याची गोष्ट घरात मोठ्यानं वाचून दाखवली.

थडथड बहुतेक वेळा गुडघे ताठ झाल्यामुळे होते. माणूस कमरेत वाकून मागे बसतो, पाय सरळ राहतात, वजन शेपटीवर जातं आणि नाकाकडची कड रिकामी राहून उडत राहते. पाटावर बसता तसं बसा, गुडघे वाकवून, पाठ सरळ. सुरुवातीला वजन पुढच्या पायावर आणि छाती बोर्डच्या नाकाकडे वळलेली, बाजूला नाही. पुढच्या बोटांखालची पाचर नीट बसली आहे का तेही उद्या सकाळी बघा, प्रवासात स्क्रू ढिले होतात. आणि मुलीला मागून व्हिडिओ काढायला सांगा, बाजूनं नको. बाजूनं गुडघे कळत नाहीत.

काठपदर_सोलापूर

पाचर आत्ताच बघितली. मागची घट्ट आहे, पुढचा एक स्क्रू अर्धा वळसा फिरला. आवळला.

आज संध्याकाळपासून आभाळ मोकळं आहे, रात्री बर्फ नाही असं घरमालक म्हणतात. लिफ्ट सुरू होण्याआधीच जाऊन उभ्या राहतो. व्हिडिओ मुलीकडून मागून काढून घेते आणि इथे टाकते.